तळणीचा लहान कॅमेरा : ग्रह, चंद्र आणि सूर्य यांचें छायाचित्रण

सन १८९८ च्या जानेवारी महिन्यांत वऱ्हाडांतील तळणी या लहानशा रेल्वे स्टेशनाजवळ ज्योतिर्विदांची एक मंडळी दुर्बिणी आणि कॅमेरे मांडून वाट पाहात होती. नागपुराहून मुंबईस जाणाऱ्या लोहमार्गावर पुलगांव आणि धामणगांव यांच्या दरम्यान हें गांव आहे. त्या महिन्याच्या २२ तारखेस होणाऱ्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोंकणच्या किनाऱ्यावर उतरून, सोलापूर जिल्ह्यांतून वऱ्हाडावर व तेथून ईशान्येकडे जाणार होती. तिच्या वाटेवर ठिकठिकाणीं वेध घेणारे येऊन बसले होते. विजयदुर्गास सर नॉर्मन लॉकियर होते. जेऊर येथें पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगांववाला होते, आणि अमेरिकेंतील लिक वेधशाळेची तुकडीही तेथेंच होती. तळणीस ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या सभासदांनीं आपला तळ दिला होता.

या तळणीच्या मंडळींत ग्रिनिच वेधशाळेंतील एडवर्ड वॉल्टर माँडर व त्यांच्या पत्नी ॲनी माँडर हीं उभयतां होतीं. विवाहापूर्वीं ॲनी त्याच वेधशाळेंत गणिताचें व सूर्याचीं छायाचित्रें घेण्याचें काम करीत. १८९५ मध्यें विवाह झाल्यावर, विवाहित स्त्रियांस नोकरींत न ठेवण्याच्या त्या काळच्या रीतीमुळें, त्यांस तें काम सोडावें लागलें. पुढें केंब्रिजच्या गर्टन कॉलेजाकडून मिळालेल्या साहाय्यांतून त्यांनीं एक लहान कॅमेरा घेतला. त्याच्या भिंगाचा व्यास अवघा दीड इंच होता. आकाशगंगेसारखा विस्तीर्ण देखावा एकाच कांचेवर उतरावा, हा तो घेण्यांतील हेतु होता. तळणीस जेमतेम दोन मिनिटें सूर्य पूर्ण झांकला गेला. तेवढ्या अवधींत या दीड इंची भिंगानें सूर्याच्या प्रभामंडलांतून निघालेला एक किरण टिपला, तो सूर्याच्या त्रिज्येच्या चौदापट, म्हणजे सुमारें साठ लक्ष मैल लांब भरला. इतका लांब किरण तोंपर्यंत कोणाच्याही कांचेवर उतरला नव्हता.

असें कां व्हावें? मोठ्या दुर्बिणीचें केंद्रांतर लांब असतें. ती प्रतिमा मोठी करते खरी, पण त्याबरोबरच प्रकाश अधिक जागेवर पसरून टाकते आणि आकाशाचा थोडाच भाग कांचेवर येऊं देते. प्रभामंडलाच्या बाहेरच्या कडेचा प्रकाश आधींच अत्यंत मंद. तो असा पसरला कीं कांचेवर त्याचा मागमूसही राहात नाहीं. आखूड केंद्रांतराच्या भिंगानें तोच प्रकाश एकवटला आणि विस्तारही संपूर्ण घेतला. थोर यंत्रें आपापल्या कामांत थोर होतींच. पण हें काम त्या लहान यंत्राचें होतें. वेध्य वस्तूस कोणता कॅमेरा अनुरूप आहे हें आधीं ठरवावें आणि किंमत मागून विचारावी, हा धडा तळणीच्या माळावर मिळाला. सव्वाशें वर्षें लोटलीं, कांचेच्या जागीं सिलिकॉनची संवेदक चकती आली, तरी तो धडा जुना झालेला नाहीं.

तळणीपासून शंभर-सव्वाशें किलोमीटरांवर, नागपुराच्या उत्तरेस, कोराडी हें गांव आहे. जगदंबेचें देऊळ, विस्तीर्ण तळें आणि औष्णिक वीजकेंद्राचीं उंच धुराडीं हीं त्याचीं लांबूनही ओळखूं येणारीं चिन्हें. अशा गांवांत एखाद्या घरीं आठ इंची दुर्बीण आली, मुलांनीं तिच्यांतून शनीचीं कडीं पाहिलीं, आणि आतां हें कायमचें टिपून ठेवावें अशी इच्छा झाली, तर घरापुढें पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा उभा राहतो. दुकानांत सर्वांत महाग आणि सर्वांत मोठ्या संवेदकाचा कॅमेरा दाखविला जातो. घरचा मुलगा अनेक महिने सांठविलेले पैसे त्यांत घालतो. आणि पहिल्याच रात्रीं त्याच्या पडद्यावर गुरु हा एक पांढरा, थरथरणारा ठिपका म्हणून उमटतो. अशा एका रात्रीनंतर कित्येकांची हौस कायमची संपते. म्हणून पैसे घालण्यापूर्वीं थोडें गणित करणें श्रेयस्कर होय.

पहिलें गणित आकाराचें. आकाशांतील अंतरें पंचांगाच्या परिभाषेंत अंश, कला आणि विकला यांनीं मोजतात; एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला. सूर्य आणि चंद्र या दोघांचाही दृश्य व्यास सुमारें अर्धा अंश, म्हणजे अठराशें विकलांहून थोडा अधिक. गुरु जवळ आला असतां त्याचें बिंब सुमारें ४५ विकलांचें असतें. शनीचें बिंब वीस विकलांच्या आंतबाहेर व त्याचीं कडीं त्याच्या सव्वादोनपट रुंद. मंगळ अत्यंत अनुकूल प्रतियुतींत २५ विकलांपर्यंत वाढतो, प्रतिकूल प्रतियुतींत चौदांच्या जवळपास थांबतो, आणि एरवीं वर्षाचा बराच काळ त्याहूनही पुष्कळ लहान असतो. तेव्हां चंद्राच्या एका व्यासावर चाळीस गुरु ओळीनें मांडतां येतील.

दुर्बिणीच्या केंद्रांतरास ११० नीं भागलें कीं तिच्या मागें पडणाऱ्या सूर्य-चंद्राच्या प्रतिमेचा व्यास मिळतो. आठ इंची दुर्बिणीचें केंद्रांतर सामान्यतः २००० मिलिमीटर धरलें, तर चंद्राची प्रतिमा १८ मिलिमीटरांची पडते. गुरूची मात्र अर्ध्या मिलिमीटराहूनही लहान, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षां बारीक. लग्नकार्यांत वापरल्या जाणाऱ्या उत्तम कॅमेऱ्याचा संवेदक ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असतो. एवढ्या मोठ्या चादरीवर मोहरीएवढा गुरु ठेवला तर बाकीची सर्व चादर, आणि तिच्यासाठीं दिलेला पैसा, रिकामा राहतो. ग्रहांसाठीं लहान संवेदकाचा कॅमेरा पुरतो, आणि तो स्वस्तही असतो.

दुसरी गोष्ट हवेची. आठ इंची दुर्बीण सिद्धान्ततः सुमारें ०.६ विकलांइतके बारीक भेद दाखवूं शकते. परंतु तिच्या डोक्यावर हवेचा जो महासागर आहे, त्यांत ऊन व गार थर सतत एकमेकांत मिसळत असतात आणि प्रकाशकिरण वेडेवांकडे वळवीत असतात. त्यामुळें प्रतिमा दोन-दोन, तीन-तीन विकलांपर्यंत विसकटते. मात्र हें विसकटणें सारखें चालत नाहीं. मधूनच क्षणाच्या एखाद्या अंशापुरती हवा स्थिर होते आणि ग्रह कोरल्यासारखा दिसतो. जुने निरीक्षक डोळा लावून अशा क्षणाची वाट पाहात आणि स्मरणानें चित्र काढीत. फोटोच्या कांचेला तें साधत नसे. तिला कित्येक सेकंद प्रकाश द्यावा लागे आणि तेवढ्यांत चांगले-वाईट सारे क्षण एकमेकांत कालवले जात. याच कारणानें विसाव्या शतकाचा बराच काळ ग्रहांच्या बाबतींत अभ्यस्त डोळा हा कॅमेऱ्याहून सरस राहिला.

अल्पकालीन प्रकाशांत असें भाग्यवान् चित्र मिळण्याचा संभव किती, याचें गणित अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड फ्राइड यांनीं १९७८ मध्यें मांडलें. पुढें संगणकास जोडतां येणारे स्वस्त कॅमेरे आले आणि तें गणित घरोघरच्या गच्चीवर उतरलें. आज ग्रहाचें एकच छायाचित्र कोणी घेत नाहीं. सेकंदास शंभर या वेगानें दोन मिनिटें चित्रें घेतलीं कीं बारा हजार चित्रें जमतात. संगणक त्यांतून सर्वांत स्पष्ट अशीं दहावा हिस्सा, म्हणजे बाराशें, निवडतो, तीं एकावर एक बरोबर जुळवितो आणि त्यांची सरासरी काढतो. एकेका चित्रांतील रवाळपणा या सरासरीनें बाराशेंच्या वर्गमूळाइतका, म्हणजे सुमारें पस्तीसपट कमी होतो. मग त्या गुळगुळीत चित्राची धार वाढविली कीं गुरूचे पट्टे, त्यांतील तांबडा डाग, शनीच्या कड्यांतील कॅसिनीची फट हीं दिसूं लागतात. चित्रें घेण्यासाठीं फायरकॅप्चर आणि निवडून रचण्यासाठीं ऑटोस्टॅकर्ट या आज्ञावली विनामूल्य मिळतात.

दोनच मिनिटें कां, याचेंही कारण आहे. गुरु स्वतःभोवतीं ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. दोन मिनिटांत त्याच्या मध्यावरचा डाग अर्ध्या विकलेजवळ सरकतो, म्हणजे आठ इंची दुर्बिणीस दिसूं शकणाऱ्या सूक्ष्म भेदाइतका. त्याहून फार अधिक वेळ घेतला तर हवेनें नव्हे, गुरूनेंच आपलें चित्र पुसल्यासारखें होतें. मंगळ व शनि यांच्या बाबतींत थोडी अधिक सवलत मिळते.

यावरून ग्रहांच्या कॅमेऱ्याचे गुण ठरतात. पहिला गुण वेग. कॅमेरा संगणकास यू. एस. बी. च्या तिसऱ्या पिढीच्या तारेनें जोडतां यावा आणि संवेदकाच्या मधल्या लहानशा चौकटींतूनच चित्रें घेण्याची सोय त्यांत असावी. ६४० गुणिलें ४८० चित्रकणांची चौकट गुरूस भरपूर होते. अशीं शंभर चित्रें सेकंदास घेतलीं तर दर सेकंदास सुमारें ३१ मेगाबाइट, आणि दोन मिनिटांत पावणेचार गिगाबाइट मजकूर सांठतो. म्हणून संगणकाची सांठवणही वेगवान लागते. जुन्या फिरत्या तबकडीवर चांगल्या कॅमेऱ्याचाही दम कोंडतो.

दुसरा गुण अल्प प्रकाशांत कमी रवाळपणा. शंभरांश सेकंदांत गुरूचा जो थोडा प्रकाश येतो, तो वाचतांना संवेदकानें स्वतःची भर घालतां कामा नये. अलीकडच्या चांगल्या संवेदकांत ही भर एकदोन इलेक्ट्रॉनांइतकीच असते. येथें एका मोठ्या खर्चाची बचत होते. तारकापुंज व तेजोमेघ यांच्यासाठीं मिनिटेंच्या मिनिटें प्रकाश घ्यावा लागतो, म्हणून त्या कॅमेऱ्यांत संवेदक थंड ठेवण्याची योजना असते आणि तिच्यापायीं किंमत पुष्कळ वाढते. ग्रहांसाठीं प्रकाश घेण्याचा काल इतका थोडा असतो कीं संवेदकाच्या उष्णतेस चित्र बिघडविण्यास अवसरच मिळत नाहीं. नागपूरकडील मे महिन्याच्या रात्रींसुद्धां ग्रहांच्या कॅमेऱ्यास शीतयंत्राची गरज नाहीं.

तिसरा प्रश्न चित्रकणाच्या मापाचा. आणि येथेंच कॅमेरा व दुर्बीण यांची सोयरीक जुळते किंवा मोडते. दुर्बिणीच्या केंद्रांतरास तिच्या मुखव्यासानें भागलें कीं तिचा केंद्रगुणक येतो. वरील दुर्बिणीचा तो दहा आहे. हा गुणक चित्रकणाच्या मायक्रॉनांतील मापाच्या चौपट ते पांचपट असावा, असा व्यवहारी नियम आहे. प्रकाशाच्या तरंगलांबीमुळें दुर्बिणीच्या सूक्ष्मदर्शनास जी सीमा पडते, ती नीट टिपण्यास दर बारीक भेदामागें निदान दोन चित्रकण लागतात. त्यावरून हा नियम निघाला. चित्रकण २.४ मायक्रॉनांचा असेल तर गुणक दहा ते बारा हवा, म्हणजे आठ इंची दुर्बिणीस कांहींच जोडावें लागत नाहीं. २.९ मायक्रॉनांचा असेल तर साडेअकरा ते साडेचौदा, म्हणजे दीडपट वाढविणारें बार्लो भिंग पुरे. ३.७५ मायक्रॉनांस पंधरा ते एकोणीस हवा. तेथें दीडपट ते जवळजवळ दुप्पट वाढ लागते. पांचपट वाढविणारें भिंग घेऊन ग्रह खूप मोठा केला तर नवें कांहींच दिसत नाहीं. प्रकाश मात्र पसरतो, वेग घटतो आणि हवेची प्रत्येक लहर अधिक मोठी होते. तळणीस मोठ्या केंद्रांतराची जी अडचण होती, तीच ही.

कॅमेरा विकत घेतांना कारखानदाराच्या नांवापेक्षां आंत कोणता संवेदक आहे हें पाहणें अधिक उपयोगाचें, कारण अनेक कारखानदार एकाच कंपनीचे संवेदक वापरतात. सोनी कंपनीचे आय. एम. एक्स. २२४ व ४६२ हे रंगीत संवेदक ग्रहांसाठीं नांवाजलेले आहेत; पहिल्याचा चित्रकण ३.७५ आणि दुसऱ्याचा २.९ मायक्रॉनांचा. दोन्ही संवेदक करंगळीच्या नखाहून लहान आहेत, आणि त्यांत कांहींही उणें नाहीं.

रंगीत कॅमेरा घ्यावा कीं कृष्णधवल, हा पुढचा प्रश्न. रंगीत संवेदकाच्या प्रत्येक चार चित्रकणांपैकीं दोहोंवर हिरवा, एकावर तांबडा व एकावर निळा पडदा कायमचा बसविलेला असतो. कृष्णधवल संवेदकावर असा पडदा नसल्यानें तो अधिक प्रकाश घेतो आणि प्रत्येक चित्रकण कामास येतो. परंतु रंगीत चित्रासाठीं तांबडा, हिरवा व निळा हे फिल्टर पाळीपाळीनें लावून तीन वेळां चित्रें घ्यावीं लागतात, आणि तोंवर गुरु फिरत राहतो. नवशिक्यास ग्रहांसाठीं रंगीत कॅमेराच सोयीचा. त्याच्यापुढें अवरक्त किरण अडविणारा फिल्टर असणें मात्र अवश्य आहे, नाहीं तर रंग बिघडतात आणि प्रतिमा धूसर होते.

चंद्राची गोष्ट निराळी आहे. त्याच्याजवळ प्रकाश भरपूर व विस्तार मोठा. संपूर्ण चंद्र एका चित्रांत हवा असेल तर ग्रहांचा लहान कॅमेरा अपुरा पडतो. उलट घरांत आधींच असलेला, भिंग काढतां येणारा कॅमेरा येथें उत्तम कामगिरी करतो. अशा पुष्कळ कॅमेऱ्यांचा संवेदक सुमारें २२ गुणिलें १५ मिलिमीटर असतो. त्यावर १४०० मिलिमीटर केंद्रांतरापर्यंत पूर्ण चंद्र मावतो. चंद्रग्रहणाच्या रात्रींही तोच कॅमेरा हातीं असावा. कोपर्निकससारखें एखादें विवर जवळून टिपावयाचें असल्यास मात्र पुनः ग्रहांचीच रीत, म्हणजे वेगवान चित्रमालिका, अवलंबिणें इष्ट. ज्यांना संपूर्ण चंद्र अत्यंत बारकाव्यानें हवा, त्यांनीं त्याचे तुकडे घेऊन जोडावे. २.९ मायक्रॉनांच्या लहान संवेदकावर वीस-पंचवीस तुकडे लागतील; आय. एम. एक्स. १७८ सारख्या थोड्या मोठ्या, साठ लक्षांवर चित्रकणांच्या संवेदकावर पंधराच्या आसपास भागेल. मोबाइल दुर्बिणीच्या नेत्रभिंगास घट्ट बांधून घेतलेलें चंद्राचें चित्रही मुलांस आनंद देण्यास पुरेसें होतें, आणि त्यास नवा खर्च जवळजवळ नाहीं.

आतां सूर्य. येथें प्रश्न पैशाचा राहात नाहीं, तो डोळ्यांचा होतो. दुर्बिणींतून आलेला सूर्यप्रकाश क्षणार्धांत दृष्टी कायमची नष्ट करतो, आणि डोळ्याच्या पडद्यास वेदनेची जाणीव नसल्यानें इजा झाल्याचें त्या वेळीं कळतही नाहीं. म्हणून सूर्याकडे वळविण्यापूर्वीं दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, संपूर्ण मुख झांकेल असा, सूर्यासाठींच बनविलेला प्रमाणित फिल्टर बसविला पाहिजे. डोळ्यांसाठींचा असा पडदा प्रकाशाचा सुमारें एक लक्षांश भागच आंत सोडतो. केवळ छायाचित्रणासाठीं त्याहून अधिक प्रकाश सोडणारे पडदेही मिळतात. ते लावून नेत्रभिंगास डोळा कधींही लावूं नये. नेत्रभिंगाच्या बाजूस लावावयाच्या लहान काळ्या कांचा तापून तडकतात, त्या वापरूंच नयेत. क्ष-किरणांची फिल्म, काजळी धरलेली कांच, उन्हाचे चष्मे हे उपाय निषिद्ध समजावे. दुर्बिणीवरची शोधक दुर्बीण काढून ठेवावी किंवा तिचें तोंड बंद करावें. पुढचा पडदा वाऱ्यानें उडणार नाहीं असा चिकटपट्टीनें पक्का करावा, आणि मुलें जवळ असतां दुर्बीण एक क्षणही सोडून जाऊं नये.

एवढी काळजी घेतल्यावर सूर्यासारखा उदार विषय नाहीं. साध्या पांढऱ्या प्रकाशांत त्याचे डाग घरच्या कॅमेऱ्यानेंही स्वच्छ येतात. कोडाइकनालच्या वेधशाळेंत १९०४ पासून सूर्याचीं छायाचित्रें नित्य घेतलीं गेलीं, आणि त्या संग्रहावरून शंभर वर्षांहून अधिक काळाचा सौरडागांचा इतिहास अभ्यासतां येतो. घरीं रोज एकाच वेळीं घेतलेल्या चित्रांवरूनही सूर्य सुमारें सत्तावीस दिवसांत फिरतो हें मुलांस स्वतः ताडून पाहतां येईल.

सूर्याच्या कडेवरील तांबड्या ज्वाला टिपावयाच्या असतील तर हायड्रोजनाच्या ६५६.३ नॅनोमीटर या एकाच रंगाचा प्रकाश सोडणारी विशेष दुर्बीण लागते. हा प्रकाश शुद्ध तांबडा असल्यानें रंगीत संवेदकाचे चारांपैकीं तीन चित्रकण जवळजवळ वांयां जातात. येथें कृष्णधवल कॅमेराच घ्यावा. दुसरें असें कीं, पुष्कळ संवेदक चित्र ओळीओळीनें वाचतात. वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत हवेनें प्रतिमा हलली तर सूर्याची कड वांकडी येते. आय. एम. एक्स. १७४ सारख्या संवेदकांत सर्व ओळी एकाच क्षणीं टिपल्या जातात, म्हणून तो सूर्यासाठीं लोकप्रिय झाला. त्याचा चित्रकण ५.८६ मायक्रॉनांचा, म्हणजे ग्रहांस मोठा, पण सूर्यास सोयीचा. एकरंगी प्रकाशांत कित्येकदां संवेदक व त्यावरील कांच यांच्यामध्यें न्यूटनचीं वलयें उमटतात. कॅमेरा किंचित् तिरपा करणारा स्वस्त जोड लावला कीं तीं नाहींशीं होतात.

कॅमेरा कितीही योग्य निवडला तरी तो मांडावयाचा कोठें, हें त्याच्याइतकेंच महत्त्वाचें आहे. या बाबतींत कोराडीच्या बाजूस एक मोठें दैवदत्त भांडवल आहे. तिचा अक्षांश सव्वाएकवीस. मे अखेरीस व जुलैच्या मध्यास दुपारीं सूर्य तेथें बरोबर डोक्यावर येतो. आणि ग्रहही साधारण त्याच वाटेनें चालत असल्यानें ते उंचावरून जातात. उत्तरेच्या टोंकास आलेला गुरु कोराडींत जवळजवळ माथ्यावर येतो. माँडर यांच्या ग्रिनिचला तो ६२ अंशांवर थांबतो. दक्षिणेच्या टोंकास गेलेला गुरु ग्रिनिचला क्षितिजावर जेमतेम १५ अंश चढतो, तर कोराडींत ४५. जितका ग्रह उंच, तितका हवेचा थर पातळ. म्हणून ग्रह खालीं असतां हवेनें फाकणारे रंग पुनः एकत्र आणणारें दोन लोलकांचें जें उपकरण युरोपांतील हौशी मंडळींस जवळजवळ अपरिहार्य वाटतें, तें येथें प्रारंभीं घेतलें नाहीं तरी चालतें.

उणी बाजूही पाहावी. वीजकेंद्राच्या धुराड्यांतून ऊन हवेचा लोट सतत वर जात असतो. ग्रह ज्या वेळीं त्या दिशेस असेल ती वेळ टाळावी. दिवसभर तापलेली गच्ची मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडीत राहते. तिच्यापेक्षां गवताचें अंगण बरें. दुर्बीण एक तास आधीं बाहेर ठेवून तिला बाहेरच्या हवेची सवय होऊं द्यावी, आणि तिचे आरसे नीट एका रेषेंत आहेत कीं नाहींत हें ताऱ्यावर पाहून घ्यावें. आरसे चळलेले असतील तर कोणताही कॅमेरा तो दोष झांकूं शकत नाहीं. सूर्यासाठीं सकाळची वेळ उत्तम, कारण जमीन तोंवर तापलेली नसते. पाणी तर जमिनीहून सावकाश तापतें, म्हणून त्यावरची हवा दिवसा अधिक शांत राहते. उदयपूरची सौर वेधशाळा फत्तेसागर तळ्यांतील बेटावर बांधण्याचें कारण हेंच. कोराडीच्या तळ्याकांठीं, धुराड्यांच्या वाऱ्याखालीं न येणारी जागा पाहून, हा प्रयोग अवश्य करून पाहण्यासारखा आहे.

खर्चाचा क्रम यावरून सहज लागतो. प्रथम घरांतील मोबाइल किंवा कॅमेरा चंद्रावर, आणि योग्य पडदा लावून सूर्याच्या डागांवर वापरावा. ग्रहांची ओढ टिकली तर लहान चित्रकणांचा, वेगवान, रंगीत कॅमेरा घ्यावा. सूर्याच्या ज्वालांचा नाद लागला तरच, तिसऱ्या पायरीवर, कृष्णधवल कॅमेरा व विशेष दुर्बीण यांचा विचार करावा. तिन्ही कामें सारख्याच उत्कृष्टपणें करणारा एक कॅमेरा शोधण्यांत वेळ दवडूं नये.

एक सावधगिरी शेवटीं सांगणें अवश्य आहे. तळणीस आलेल्या त्याच वॉल्टर माँडर यांनीं १९०३ मध्यें ग्रिनिचच्या एका शाळेंतील मुलांपुढें मंगळासारखीं चित्रें ठेवून त्यांच्या नकला काढावयास सांगितल्या. मूळ चित्रांत ठिपके व अस्पष्ट छटा होत्या, सरळ रेषा नव्हत्या. तरी कांहीं अंतरावर बसलेल्या कित्येक मुलांनीं सरळ रेषा काढल्या. मंगळावरचे कालवे म्हणून जगभर जो गाजावाजा चालला होता, तो पुष्कळसा डोळ्याचा भ्रम असावा, हें त्यावरून दिसून आलें. आज डोळ्याची ती चूक संगणक करूं शकतो. रचलेल्या चित्राची धार प्रमाणाबाहेर वाढविली तर गुरूच्या कडेस खोटें वलय आणि शनीच्या कड्यांत नसलेल्या फटी उमटतात. त्याच रात्रीं अर्ध्या तासानें घेतलेल्या दुसऱ्या चित्रमालिकेंत तोच बारकावा, ग्रहाच्या फिरण्याप्रमाणें सरकलेला, पुनः दिसला तरच तो खरा मानावा.

तळणीच्या माळावर दोन मिनिटांच्या अंधारांत दीड इंची भिंगानें जें साधलें, तें त्याच्या किंमतीमुळें साधलें नव्हतें. कशासाठीं कोणतें यंत्र, हें आधींच ठरलेलें होतें. वऱ्हाड-नागपुराकडील जें घर हा विचार करून आपला लहानसा कॅमेरा निवडील, त्याच्या अंगणांत गुरूचे पट्टे उतरावयास फार दिवस लागणार नाहींत.